साखरपुड्याच्या आत गाल वर

रविवार, ५ नोव्हेंबर २००६

आजपासून रोजनिशी. कारण खाली येईल.

आमच्या शांभवीसाठी स्थळ आलंय, पेठ वडगावचं. दिवाळीत मुलगा, त्याची आई आणि मामा येऊन मुलगी बघून गेले. मुलगा इंजिनिअर, शांत. पसंती आली. आज आम्ही घर बघायला गेलो. मी, सौ. शांतादेवी आणि माझे वडील अप्पा.

घर चांगलं. चहा चांगला. प्रॉब्लेम मुलाच्या वडिलांचा.

बाळासो त्यांचं नाव. बी-बियाण्यांचं दुकान, त्यामुळे सीझनमध्ये बाहेर पडत नाहीत, म्हणून दिवाळीत आले नव्हते. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे, हे मी बोलता बोलता काढून घेतलं. पण चेहरा हलगीसारखा तंग. मिशी काळीभोर. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. त्यांच्या एका म्हाताऱ्या चुलत्यांनी अप्पांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ह्या दोघातलं मुलीचं आज्जा कोणचं म्हणायचं?

अप्पा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. मी बावन्न.

सगळे हसले. मीही हसलो. समोर काचेचं कपाट होतं, त्यात दिसलं की हसताना माझे गाल खाली येतात आणि बाळासोंचे वर जातात.

साखरपुडा १० डिसेंबरला, कोल्हापुरात, आमच्याकडे. दोन्ही व्याही शेजारी शेजारी उभे राहणार, फोटो निघणार, तो फोटो दोन्ही घरांच्या हॉलमध्ये पिढ्यान् पिढ्या राहणार.

तोपर्यंत मला वर यायचं आहे. म्हणजे गालांना.

सोमवार, ६ नोव्हेंबर

दुकान बंद. सायबर कॅफेत गेलो. शांताला सांगितलं, जीएसटी की काय येणार म्हणतात त्याची माहिती काढायला चाललोय. ती म्हणाली, येताना कोथमीर आणा.

इंटरनेटवर अफाट माहिती आहे. स्किन लिफ्टिंग हे एक शास्त्र आहे. आपल्या मनाने काही करायचं नसतं. आधी आपली त्वचा कोणती ते ओळखायचं, मग तिला सूट होईल ती ट्रीटमेंट निवडायची. तेलकट, कोरडी आणि मिश्र. पातळ आणि जाड. मला हे एकदम पटलं. मी बी.कॉम. आहे, पद्धतशीर काम आवडतं.

एका मुलाने पलीकडच्या केबिनमधून वाकून माझ्या स्क्रीनकडे बघितलं. त्यावर एका बाईचा अर्धा चेहरा आधीचा आणि अर्धा नंतरचा होता. तो लगेच खाली बसला. त्याचा गैरसमज झाला असणार. होऊ दे.

कोथमीर विसरलो.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

आमचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. त्यामुळे आरशाची गरज नाही, दिवसभर तोंड दिसतंच. पण आज पहिल्यांदा अभ्यासू नजरेने बघितलं.

कळशीच्या पोटात गाल पार हनुवटीच्या खाली. नाक वांग्याएवढं. ताटात बरा दिसतो. कढईच्या आतून बघितलं तर उलटा दिसतो, आणि उलटा असताना गाल वर असतात. म्हणजे गाल वर जाऊ शकतात हे सिद्ध झालं.

बायडाबाई म्हणून जुनं गिऱ्हाईक आहे, ती डबा घ्यायला आली होती. तिने मला कढईत तोंड घातलेलं बघितलं आणि विचारलं, शेट, वास येतोय काय कढईला? मी म्हटलं, क्वालिटी चेक. ती डबाही न घेता गेली.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

राजारामपुरीत एक स्किनच्या डॉक्टर आहेत. डॉ. दानेश्वरी. वयाने लहान, शांभवीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. अपॉइंटमेंट घेऊन गेलो. पुरावा म्हणून दुकानातली कळशी बरोबर नेली.

वेटिंगमध्ये सगळी कॉलेजची पोरं-पोरी, पुटकुळ्यावाली. एका पोराने विचारलं, काका, हिथं पाणी मिळत न्हाई काय?

डॉक्टरांनी माझा गाल चिमटीत धरून सोडला. दोन्ही बाजूंनी. मग भिंग लावून बघितलं. म्हणाल्या, ताण चांगला आहे, वय बावन्न आणि चेहरा बावन्नचा, काही करायची गरज नाही. उजव्या गालावर उन्हाचा परिणाम आहे, डाव्यावर कमी, तुम्ही कुठे बसता? मी म्हटलं, गल्ल्यावर, उजवीकडे रस्ता, दुपारनंतर ऊन येतं. त्या म्हणाल्या, मग उन्हाचं क्रीम लावा आणि दुकानाला पडदा लावा.

धागे घालून गाल वर ओढतात त्या थ्रेड लिफ्टबद्दल विचारलं. म्हणाल्या, ते तुमच्यासाठी नाही. बोटॉक्स? ते कपाळाच्या आठ्यांसाठी, गाल उचलायला नाही. आणि ते देणारे पुण्याला आहेत, मी देणार नाही.

मग मी कळशी काढून दाखवली. त्यांनी तिच्यात वाकून बघितलं. मग कपाळावरचे केस नीट केले. म्हणजे त्यांनाही ही चिंता आहे. या विषयात कुणाचंच सुटलेलं नाही.

शुक्रवार, १० नोव्हेंबर

डॉक्टरांच्या बोलण्याचा अर्थ रात्रभर नीट लावला. त्यांनी स्पष्ट सांगितलं नाही, डॉक्टर सांगत नसतात. पण मुद्दा असा: माझा उजवा गाल वेगळा आहे आणि डावा वेगळा. इंटरनेटने हेच सांगितलं होतं, आपली त्वचा ओळखा. मी ओळखली. मी दोन त्वचांचा माणूस आहे.

तेव्हा प्रत्येक गालाला त्याची त्याची ट्रीटमेंट.

शिवाय आजपासून हसणं बंद. हसण्यानेच सुरकुत्या पडतात. साखरपुड्यापर्यंत फक्त मान हलवायची.

पडदा लावायचं राहिलं.

रविवार, १२ नोव्हेंबर. सकाळी सात

रंकाळ्यावर फिरायला गेलो. चेहऱ्याचा व्यायाम: गाल फुगवणे, सोडणे, ओठ पुढे काढणे, जीभ हनुवटीकडे नेणे. पाण्याकडे तोंड करून करत होतो, कुणाला दिसू नये म्हणून.

मागून एक गृहस्थ आले. म्हणाले, पावणं, एकटं एकटं काय करालायसा, आमच्यात या की. ते हास्य क्लबचे होते. मला हाताला धरून गोलात नेलं. सगळे हात वर करून हसत होते. मी मध्ये उभा, हसणं बंद असल्यामुळे गंभीर. ते मला बघून आणखी जोरात हसायला लागले. एक आजी म्हणाल्या, असा माणूस आमच्यात पायजेच हुता.

उद्यापासून पंचगंगेच्या बाजूला जावं.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

डाव्या गालासाठी अंड्याचा पांढरा भाग. वाळला की कातडी आवळते.

अडचण अशी की आम्ही लिंगायत, घरात अंडं येत नाही. यावर मी विचार केला. खायला बंदी आहे. लावायला बंदी आहे असं मला कुणी कधी सांगितलेलं नाही.

मीरासाबकडे गेलो. मीरासाब माझा शाळेपासूनचा दोस्त, टेलर. शहरातले निम्मे सफारी त्याने शिवलेत. त्याला सगळं खरं सांगितलं, कारण अंडं त्याच्या घरातनं पाहिजे होतं. तो ऐकून घेत होता, तोंडात टाचण्या होत्या म्हणून हसला नाही. मग म्हणाला, लेका, हे तर आल्टरचं काम हाय.

दुकानाच्या मागच्या खोलीत लावून बसलो. त्याची बायको रोशनबी चहा घेऊन आली. मला बघून म्हणाली, दाढ दुखालीय व्हय? मी मान हलवली. बोलता येत नव्हतं, अंडं वाळलं होतं. ती परत गेली आणि लवंग घेऊन आली. लवंग चघळली. चघळताना अंडं तडकलं.

बुधवार, १५ नोव्हेंबर

सकाळी अप्पांनी जेवणाचं ताट उचललं आणि माझ्यापासून लांब, दाराजवळ जाऊन बसले. शांताने विचारलं, काय झालं? अप्पा म्हणाले, वास येतोय. कसला? अप्पा म्हणाले, मला काय म्हाईत कसला, म्या कवा खाल्लंय.

माझ्याकडे बघितलं नाही. पण मला कळलं.

अंडं बंद. आता मुलतानी माती.

शनिवार, १८ नोव्हेंबर

सध्याची व्यवस्था. डावा गाल: मुलतानी माती, गुलाबपाणी. उजवा गाल: साय, उन्हाचं क्रीम, रात्री खोबरेल. कपाळ न्यूट्रल.

आज डाव्याचा परिणाम दिसतोय. ताटात बघितलं, डावी बाजू पंचेचाळीसची वाटते. उजवी अजून मागे आहे. उजवीला धीर दिला पाहिजे.

दुकानात गिऱ्हाइकांशी डावीकडून बोलायची सवय लावतोय. रस्ता उजव्या हाताला असल्यामुळे सगळं अंग वळवावं लागतं. बायडाबाई डबा न्यायला आली, म्हणाली, मान आखडली व्हय, शेट? खोबरेल लावा. म्हणजे उपचार बरोबर चाललाय.

बुधवार, २२ नोव्हेंबर

घरगुती उपाय पुरेसे नाहीत, हे मान्य करायला मी मागेपुढे बघत नाही. शास्त्र पुढे गेलंय.

शाहूपुरीत एक नवीन ब्युटी सेंटर निघालंय, स्त्री-पुरुष दोघांसाठी. लिफ्टिंगचं मशीन आहे. इस्त्रीसारखं, पण थंड. मॅडम म्हणाल्या, वीस सिटिंग घ्या. मी म्हटलं, वेळ कमी आहे, एका सिटिंगमध्ये जेवढं वर जाईल तेवढं न्या.

आडवं झोपवलं. डाव्या गालावर मशीन फिरवलं. गुदगुल्या होत होत्या, पण हसणं बंद. डावा पूर्ण झाला. मॅडम वळसा घालून उजवीकडे आल्या, मशीन गालाला टेकवलं आणि लाइट गेली.

लोडशेडिंग. आज त्या भागाची पाळी संध्याकाळपर्यंत.

अंधारात तसाच पडून राहिलो. मॅडम म्हणाल्या, परत कधी येताय? मी म्हटलं, हा गाल तोपर्यंत खाली गेला तर जबाबदारी कोणाची? त्या म्हणाल्या, कुठला गाल?

यावरून त्यांचा अनुभव दिसतो. परत जाणार नाही.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

घरात कुणाच्याही लक्षात आलं नाही. शांताला सहज विचारलं, माझ्यात काही फरक वाटतो का? ती भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, व्हय, लई गप्प गप्प असता.

सोमवार, २७ नोव्हेंबर

घरात विचित्र घडलं.

शांभवी दोन दिवस जेवत नाही. आज आईपाशी रडली. शांता मला गच्चीवर घेऊन गेली आणि विचारलं, तुमाला हे स्थळ नको हाय काय? मी म्हटलं, नको कशाला असेल? ती म्हणाली, मग पोरगी साडी नेसून दाखवाय आली तर हसला बी न्हाईसा. जावयाचा फोन आला तवा उठून गेला. पत्रिका दाखवली तर नुसती मान हलवली. पोरीला वाटालंय बाबांच्या मनात न्हाई. ती म्हणालीय, बाबांना पटत नसंल तर मी न्हाई म्हणून सांगते.

शांभवीला मी हसून दाखवायला पाहिजे होतं. कळत होतं. साडी चांगली होती, आंब्याच्या मोहरासारखा रंग. तिने पदर असा धरून फिरून दाखवला होता. मी मान हलवली होती.

खरं कारण सांगणं शक्य नव्हतं. मी शांताला म्हटलं, मुलगी जाणार म्हणून आतून जड वाटतंय. हे बोलताना आवाज बसला. म्हणजे मी बसवायच्या आधीच बसला.

खाली जाऊन शांभवीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, मुलगा मला पसंत आहे. ती म्हणाली, मग हसा की बाबा. मी हसलो. डाव्या बाजूने.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

बातमी वडगावला पोचलीय. बाळासोंचा दुकानात फोन. म्हणाले, राजशेखरराव, आमचं काय चुकलं असंल तर सांगा, मनात ठेवू नका. मी फोनवर खूप हसलो. फोनवर चेहरा दिसत नसल्यामुळे नुसता आवाज काढायचा, गाल स्थिर ठेवायचे. ते म्हणाले, तब्येत बरी हाय न्हवं?

नंतर जरा घुटमळून विचारलं, तुमी त्या दिवशी शेजारी बसला हुता, तुमचं केस अजून काळंच हायती, काय लावता? मी म्हटलं, काही नाही, जन्मजात. ते म्हणाले, हां. आणि फोन ठेवला.

काळजी घेणारा माणूस आहे. पण चेहरा तंगच असणार.

रविवार, ३ डिसेंबर

एक आठवडा राहिला. मीरासाबकडे गेलो. त्याने मला उजेडात उभं केलं, मागे सरकून बघितलं, पुढे येऊन बघितलं. मग टेलरचा खडू घेऊन माझ्या दोन्ही गालांवर खुणा केल्या. म्हणाला, हितनं एवढं वर घ्यायचं, आणि जादाचं कापड कानामागं दाबायचं. कापायचं न्हाई, नुसतं दाबायचं. परत सोडता येतंय.

पण दाबायचं कशाने? तो म्हणाला, मेडिकलमधली चिकटपट्टी. आणि दिसू नये म्हणून वरनं फेटा.

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. व्याही माणूस, साखरपुडा, फेटा तर बांधायचाच असतो. सगळं जग मशीनच्या आणि सुयांच्या मागे लागलंय. माझ्या त्वचेला नेमकं सूट होणारं, दोन्ही गालांना वेगवेगळं घट्ट-सैल करता येणारं, साइड इफेक्ट नसलेलं असं हे एकच. इंटरनेटवर हे नाही.

शनिवार, ९ डिसेंबर

मीरासाबच्या मागच्या खोलीत रंगीत तालीम. पट्ट्या गालापासून कानावरून डोक्याच्या मागे. वरून फेटा, घट्ट. ट्रायल रूमच्या आरशात बघितलं.

चाळीस. फार तर एक्केचाळीस.

भुवया जरा जास्त वर गेल्यात, त्यामुळे सारखं काहीतरी नवल बघितल्यासारखं वाटतं. पापण्या पूर्ण मिटत नाहीत. ऐकायला थोडं कमी येतं. पण साखरपुड्यात ऐकण्यासारखं काय असतं?

रोशनबी दारातून बघून गेली. तिने आतल्या खोलीत जाऊन काहीतरी सांगितलं आणि आत सगळे हसले. हसणाऱ्यांचं भविष्य मला माहीत आहे.

रविवार, १० डिसेंबर. सकाळी

अंघोळ झाली. मीरासाब पट्ट्या घेऊन आलाय. उजव्याला जादा पट्टी लावायला सांगितली, तो मागे राहिलेला आहे.

आजचा फोटो बघूच.

सोमवार, ११ डिसेंबर

काल घडलं ते शांतपणे लिहितो.

हॉलवर मी वेळेत पोचलो. पापण्या मिटत नसल्यामुळे डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चंदगडहून आलेल्या तानाबाई मावशींनी ते बघितलं, मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, लेकीसाठी असा बाप रडालाय, बघा गं. त्या रडायला लागल्या. त्यांच्याबरोबरच्या दोघी रडायला लागल्या. मग शांभवीच्या मैत्रिणी. सुरुवात चांगली झाली.

मग वडगावची मंडळी आली. पुढे बाळासो. काळा चष्मा, काळा फेटा, आणि चेहरा काय सांगू. एक सुरकुती नाही. गाल टम्म. वरचा ओठ मिशीसकट पुढे आलेला. डोळे तर इतके भरलेले की चष्म्याच्या आत मावत नव्हते. रंग गुलाबी. महिन्यापूर्वीपेक्षा दहा वर्षांनी लहान.

एवढा रिझल्ट कुठे मिळतो? पुण्याला? मी विचारणारच होतो, पण ते ओठांमुळे नीट बोलत नव्हते.

गुरुजींनी व्याहीभेट घ्यायला सांगितलं. आम्ही दोघांनी एकमेकांना मिठी मारली. ते माझ्या कानाशी काहीतरी पुटपुटले, मला ऐकू आलं नाही. त्यांच्या फेट्याची कड माझ्या फेट्यात अडकली. ते मागे सरले आणि माझ्या उजव्या कानामागे फट्ट झालं.

उजवा गाल खाली आला. भुवईसकट. डावा जिथे होता तिथेच राहिला.

फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. तानाबाई मावशी ओरडल्या, तोंडावरनं वारं गेलं, धरा त्यास्नी. सगळे धावले. मला खुर्चीत बसवलं. कुणीतरी कांदा हुंगायला लावला.

मी बोलायचा प्रयत्न केला. डावी बाजू ताणलेली असल्यामुळे शब्द वाकडे येत होते. म्हणजे लोकांची खात्रीच झाली. आता दोन मार्ग होते. एक, फेटा काढून खरं सांगायचं. दुसरा, जे चाललंय ते चालू द्यायचं. मी विचार केला. पॅरालिसिसला समाजात प्रतिष्ठा आहे. चिकटपट्टीला नाही.

मी मान टाकली.

तेवढ्यात शांता आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने माझ्या गालाला हात लावला, मग कानामागे लावला. तिच्या बोटाला काहीतरी लागलं. तिने माझ्याकडे बघितलं. मग एकदम शांत झाली. म्हणाली, मीरासाबभाऊ, घेऊन जावा ह्यास्नी दवाखान्यात, काय हुत न्हाई. आणि मागे वळली. इतकी धीराची बाई मी बघितली नाही. शांभवी हुंदके देत होती, शांताने तिच्या कानात काहीतरी सांगितलं, तर पोरगी रडता रडता हसायला लागली. धक्क्याने होतं असं.

मीरासाबच्या मारुती व्हॅनमधून निघालो. व्याही या नात्याने बाळासो बरोबर आले. वाटेत त्यांना धाप लागली. दवाखान्यात पोचलो तर तिथल्या लोकांनी आधी त्यांनाच खाटेवर घेतलं.

मला शेजारच्या खाटेवर. मध्ये हिरवा पडदा.

ड्युटीवरचा डॉक्टर तरुण होता. म्हणाला, दोन्ही हात वर करा. केले. हसून दाखवा. तत्त्व म्हणून नकार दिला. मग त्याने फेटा उकलायला घेतला. फेटा खूप लांब होता. शेवटचा पदर सुटला. पट्ट्या होत्या. पट्ट्यांच्या खाली मीरासाबच्या खडूच्या खुणा होत्या. त्याने बाहेर जाऊन आणखी दोघा डॉक्टरांना बोलावून आणलं. तिघे मिळून बघत होते. केस इंटरेस्टिंग असणार.

पडद्यापलीकडे दुसरे डॉक्टर बाळासोंना दमात विचारत होते, मिशीला काय लावलंत, कधी लावलंत, पहिल्यांदाच का? बहुधा त्यांनाही ती मिशी आवडली असावी. इंजेक्शन दिल्याचा आवाज आला.

सगळे बाहेर गेल्यावर पडद्यापलीकडून बाळासोंनी विचारलं, राजशेखरराव, तुमचं काय म्हणाले?

मी म्हटलं, बी.पी.

ते म्हणाले, माझं बी बी.पी.च.

मग ते म्हणाले, पोरगं लई खूष हाय. ऑफिसातनं आलं की फोनवरच असतंय. मी म्हटलं, आमची पण. ते म्हणाले, तुमी हसत न्हाईसा असं कानावर आलं, मला वाटलं आमचं घर आवडलं न्हाई. मी म्हटलं, घर फार आवडलं. तुमचा चहासुद्धा. ते हसले असावेत. ओठ सुजल्यासारखा आवाज आला.

मुहूर्त केव्हाच गेला असणार, साखरपुडा माझ्यामुळे थांबला असणार, ही एकच काळजी. मीरासाबला म्हटलं, फोन कर, म्हणावं थांबा, आम्ही येतोय.

दोघेही बिनफेट्याचे परत हॉलवर पोचलो. आचारी पातेली घासायला काढत होते.

अंगठ्या घालून झाल्या होत्या. जेवणं झाली होती. फोटोग्राफर वायरी गुंडाळत होता. अप्पांनी सांगितलं होतं म्हणे, मुहूर्त कशाला घालवायचा, त्यो येतोय, त्याला काय झालं न्हाई. आणि स्वतः माझ्या जागी बसले. बाळासोंच्या जागी तो वडगावचा म्हातारा चुलता.

कुणीही काही विचारलं नाही. शांताने दोघांना वाढलं. जिलेबी संपली होती.

गुरुवार, १४ डिसेंबर

पट्टीने उजव्या कानामागची कातडी सोलली. डॉ. दानेश्वरींकडे गेलो. मलम दिलं. पडदा लावला का, विचारलं.

आज पडदा लावला.

रविवार, २४ डिसेंबर

अल्बम आला. मी एकाही फोटोत नाही. बाळासोही नाहीत. सगळीकडे अप्पा आणि तो चुलता, शेजारी शेजारी, दोघांना मिळून पाच-सहा दात, दोघेही पोट धरून हसतायत. फोटोग्राफरला अप्पांचा एक फोटो इतका आवडलाय की तो मोठा करून त्याच्या दुकानाच्या काचेत लावलाय. लोक उभे राहून बघतात म्हणे. अप्पा संध्याकाळी तिकडून चक्कर मारून येतात.

शांता मेथी निवडत बसली होती. शेजारी जाऊन बसलो. घरात दुसरं कोणी नव्हतं. विचारलं, खरं सांग, मी फार म्हातारा दिसायला लागलोय का?

ती म्हणाली, आता रोज रोज तोंडाकडं कोण बघतंय. मग चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि माझ्याकडे बघितलं. डावीकडून, उजवीकडून. मी गाल सोडून बसलो होतो. बराच वेळ बघत होती.

म्हणाली, हायसा की तसंच.

तसंच म्हणजे कसं?

म्हणाली, लगनात हुता तसंच. तवा बी माझी आत्ती मला आत घेऊन म्हणाल्ती, नवरा जरा थोराडच वाटतोय गं, चालंल न्हवं? म्या म्हटलं, चालंल.

आणि मेथी निवडायला लागली.

लग्नात मी चोवीस वर्षांचा होतो.